साताऱ्यातील ऑफसेट प्रेससाठी डिजिटल मशीन निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात दोन पिढ्यांचा ऑफसेटचा व्यवसाय आहे. एक दोनरंगी आणि एक एकरंगी मशीन चालू आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, संस्थांचे अहवाल, दवाखान्यांच्या फाइली आणि छोटी पुस्तके ही मुख्य कामे आहेत. कमी प्रतींची रंगीत कामे पुण्याहून डिजिटलवर छापून आणावी लागतात आणि ती आता महिन्याला पंधरा ते वीस हजार शीटपर्यंत गेली आहेत. वीस ते पंचवीस लाखांत नवे पण लहान प्रॉडक्शन मशीन (छापखान्याच्या रोजच्या व्यावसायिक छपाईसाठीचे मशीन) घ्यावे, की त्याच पैशांत वापरलेले पण मोठे आणि वेगवान मशीन घ्यावे, आणि सर्वांत भरवशाची कंपनी कोणती, असे आपण विचारले आहे.

कंपनीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कोनिका मिनोल्टा, रिको, कॅनन, झेरॉक्स आणि फुजीफिल्म यांची या किमतीतील रंगीत मशीने एकाच तत्त्वावर चालतात. ड्रमवर कोरड्या टोनरची, म्हणजे रंगाच्या भुकटीची, प्रतिमा तयार होते, चारही रंग बेल्टवर एकत्र येतात, तिथून ते कागदावर उतरतात आणि फ्युझरच्या उष्णतेने व दाबाने पक्के होतात. ड्रम, त्याला पुसणारी ब्लेड, डेव्हलपर (टोनरला ड्रमपर्यंत नेणारी भुकटी), बेल्ट आणि फ्युझर हे सगळे झिजणारे भाग आहेत आणि ते प्रत्येक कंपनीच्या मशीनमध्ये झिजतात. बाहेरच्या नावपट्टीवरूनही फार काही ठरत नाही. झेरॉक्सच्या नावाने आपल्याकडे आलेली अनेक मशीने प्रत्यक्षात जपानच्या फुजी झेरॉक्सने बनवलेली होती. त्या कंपनीचे नाव एप्रिल २०२१ मध्ये फुजीफिल्म बिझनेस इनोव्हेशन झाले आणि ती आता रिव्होरिया या आपल्या स्वतःच्या नावाने प्रॉडक्शन मशीने विकते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्यासारख्या, शहरापासून दूर आणि एकाच डिजिटल मशीनवर चालणाऱ्या प्रेसने आधी सेवा निवडावी, मग आपला कागद त्या मशीनला मानवतो का ते पाहावे आणि मॉडेलचा व किमतीचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक खरेदी याच्या नेमक्या उलट क्रमाने होते आणि नंतरच्या बऱ्याच अडचणी त्या क्रमातूनच निर्माण होतात.

त्याआधी आपल्या कामाचे मोजमाप कागदावर आले पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी उत्तम साधन आहे, ते म्हणजे पुण्याच्या छापखान्याची मागील वर्षभराची बिले. ती महिन्यानुसार लावून प्रत्येक कामाच्या शीटची संख्या, कागदाची जात व जाडी आणि छपाई एकाच बाजूला की दोन्ही बाजूंना, एवढे लिहून काढावे. वीस हजार शीटपैकी निम्म्या शीट दोन्ही बाजूंनी छापलेल्या असतील, तर मशीनच्या दृष्टीने तो आकडा तीस हजार छापांचा होतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन महिन्यांत आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास आपला आकडा दुपटीवर जात असेल, तर मशीनची निवड त्या महिन्यांकडे पाहून करावी, कारण वर्षाची सरासरी तेव्हा उपयोगाला येत नाही. माहितीपत्रकात ‘कमाल मासिक क्षमता’ म्हणून जो मोठा आकडा छापलेला असतो, तो दर महिन्याला काढायचा आकडा नसतो. कंपनीने सुचवलेले सरासरी मासिक प्रमाण वेगळे असते, ते बरेच कमी असते आणि ते विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे लागते.

खर्चाचा हिशेब मी एका कल्पित उदाहरणाने मांडतो; त्यात आपले आकडे घालावेत. वीस लाखांचे कर्ज, व्याज अकरा टक्के आणि मुदत साठ महिने धरली, तर हप्ता सुमारे साडेत्रेचाळीस हजार रुपये येतो. ऑपरेटरचे बावीस हजार, वीज आणि वातानुकूलनाचे बारा हजार, जागा व यूपीएसच्या बॅटऱ्यांसारखा किरकोळ खर्च साडेसात हजार धरला, तर महिन्याचा स्थिर खर्च पंच्याऐंशी हजार होतो. दहा हजार छाप निघाले तर कागद आणि क्लिक (प्रत्येक छापामागे सेवेसाठी द्यायचा दर) सोडून प्रत्येक छापावर साडेआठ रुपये बसतात, वीस हजार निघाले तर सव्वाचार आणि चाळीस हजार निघाले तर दोन रुपयांच्या थोडे वर. यात क्लिकचा दर मिळवून तो पुण्याच्या आजच्या दराशेजारी ठेवला, की मशीन आपल्याला परवडते का याचे उत्तर कोणत्याही सल्लागाराशिवाय मिळते. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट जमेची आहे. आपले ऑफसेट दोनरंगी असल्यामुळे चाररंगी काम दोनदा मशीनवर चढते, मध्ये वाळण्यासाठी थांबावे लागते आणि मेक-रेडीत, म्हणजे छपाईआधी रंग व जुळणी बसवताना, शीट वाया जातात. चाररंगी ऑफसेट असलेल्या प्रेसला जिथून डिजिटल महाग पडू लागते, त्याच्या पुढेही काही अंतरापर्यंत ते आपल्याला फायद्याचे राहील. मशीनवर भरलेल्या १८ टक्के जीएसटीचा परतावा इनपुट क्रेडिटच्या रूपाने मिळतो, पण तो घेतला तर तेवढ्या रकमेवर घसारा मागता येत नाही, हे सीएंशी आधी बोलून ठेवावे.

आता सेवेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर आहे. विक्रेता म्हणेल की इंजिनिअर चार तासांत येतो, पण हे येण्याचे वचन झाले, मशीन सुरू होण्याचे नव्हे. इंजिनिअर आला, त्याने फ्युझर गेल्याचे निदान केले आणि भाग भिवंडीच्या गोदामातून किंवा चेन्नईहून यायचा असेल, तर चार तासांचे ते वचन पाळूनही आपले मशीन तीन दिवस बंद राहते. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. सातारा, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात या मॉडेलवर प्रशिक्षण घेतलेले किती इंजिनिअर राहतात? फ्युझर, बेल्ट, ड्रम युनिट आणि मुख्य पॉवर सप्लाय यांपैकी कोणता भाग पुण्यात किंवा कोल्हापुरात प्रत्यक्ष साठ्यात असतो? आणि रविवारी किंवा सणाच्या दिवशी फोन कोण उचलतो? या प्रश्नांना विक्री प्रतिनिधीची उत्तरे घेऊ नयेत, सेवा विभागाच्या प्रमुखाची घ्यावीत. एका तालुक्याच्या गावी प्रेस चालवणाऱ्या परिचितांना अशाच बंद पडलेल्या मशीनमुळे ऐन लग्नसराईत पत्रिकांचे गठ्ठे रात्री एसटीने दुसऱ्या शहरात पाठवावे लागले. मशीन नामांकित होते, पण त्या जिल्ह्यात त्या मॉडेलचे ते एकमेव असल्यामुळे त्याचे सुटे भाग कोणीच जवळ ठेवत नव्हते. आपल्या परिसरात ज्या मॉडेलची पाच-सात मशीने आधीच चालू आहेत, ते मॉडेल थोडे जुन्या पिढीचे असले तरी मी तेच घ्यायला सांगेन.

ही मशीने जिथे आहेत तिथे स्वतः जावे, आणि विक्रेत्याला सोबत न घेता जावे. मालकाने मोठी गुंतवणूक केलेली असते, त्यामुळे तो आपल्या निवडीची बाजू घेतो. ऑपरेटर मात्र दिवसभर मशीनपाशी उभा असतो. त्याला विचारावे की ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) आर्ट कार्डवर दोन्ही बाजूंचे काम तो ऑटो डुप्लेक्सने, म्हणजे मशीनलाच शीट पालटू देऊन, काढतो की हाताने पालटून. सलग पाचशे शीटमध्ये किती वेळा जॅम होतो. सकाळी पहिली विकण्याजोगी शीट मिळायला किती वेळ जातो. आणि मागच्या लग्नसराईत मशीन सर्वांत जास्त किती वेळ बंद होते. शक्य असल्यास मशीनमधून भागांच्या आयुष्याचा अहवाल छापून दाखवायची विनंती करावी. ड्रम व फ्युझर ठरलेल्या आयुष्याच्या किती आधी बदलावे लागले, ते त्यात दिसते.

सेवाकराराच्या कागदावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्याकडे साधारणपणे क्लिकच्या दरात टोनर, भाग आणि मजुरी यांसह सर्वसमावेशक करार मिळतो, किंवा टोनर आपण विकत घ्यायचा आणि सेवेचे वार्षिक शुल्क वेगळे भरायचे, अशी व्यवस्था असते. पहिल्या मशीनसाठी सर्वसमावेशक करार घ्यावा, जरी तो दर छापामागे थोडा महाग पडला तरी. त्यात १३ × १९ इंचांच्या शीटची एक बाजू एक क्लिक धरली आहे की दोन, हे स्पष्ट लिहिलेले असावे, कारण ए-फोरच्या हिशेबाने दोन्ही बाजूंची एकच शीट चार क्लिक होऊ शकते. कॅलिब्रेशनच्या (रंग प्रमाणात बसवण्याच्या) शीट, जॅममध्ये फाटलेल्या शीट आणि इंजिनिअरने चाचणीसाठी काढलेले छाप आपल्या खात्यावर पडतात की वजा होतात, हेही विचारावे. टोनरचे आयुष्य कंपन्या प्रत्येक रंगाची पाच टक्के व्याप्ती धरून सांगतात, तर आपल्या पत्रिकेची भगवी किंवा मरून पार्श्वभूमी शीटचा बहुतेक भाग व्यापते. टोनर आपल्या खर्चाने असेल, तर माहितीपत्रकातील आकड्यावर केलेला हिशेब पहिल्याच महिन्यात कोलमडतो. टोनर करारात असेल, तर व्याप्तीवर मर्यादेची अट कुठे बारीक अक्षरात दडली आहे का, ते पाहावे. दरवर्षी क्लिकचा दर किती टक्क्यांनी वाढेल, किमान किती छापांचे पैसे छाप न काढताही द्यावे लागतील आणि मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षे भाग मिळतील, या तीन बाबी तोंडी सोडू नयेत.

यानंतर प्रत्यक्ष चाचणी येते. कंपनीच्या दालनात दाखवण्यासाठी ठेवलेल्या फाइली त्या मशीनवर सुंदर दिसतील अशाच निवडलेल्या असतात, आणि कागदही वातानुकूलित खोलीत मुरलेला, कंपनीने सुचवलेला असतो. आपण आपल्या फाइली आणि आपला कागद घेऊन जावे: नेहमीचे ३०० जीएसएम आर्ट कार्ड, १३० जीएसएम आर्ट पेपर, ७० जीएसएम मॅपलिथो (चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद), पत्रिकांचा पोताचा किंवा चमकीचा जाड कागद आणि न फाटणारा सिंथेटिक कागद. चाचणीच्या फाइलमध्ये चार गोष्टी असाव्यात. पहिली, पूर्ण शीटभर सपाट भगवा रंग, कारण मजेंटा आणि पिवळ्याच्या मिश्रणातील पट्टे, ढगाळपणा आणि कडेला पडणारा फिकेपणा त्यात लपत नाही. दुसरी, हळदीच्या पिवळ्यापासून कुंकवाच्या लालपर्यंत जाणारी छटा, जिच्यात पायऱ्या पडतात का ते दिसते. तिसरी, चेहऱ्यांची छायाचित्रे, ज्यांतील त्वचेचा रंग पहिल्या आणि शेवटच्या शीटवर सारखा राहिला पाहिजे. चौथी, सात-आठ पॉइंटचा देवनागरी मजकूर, एकदा काळ्यात आणि एकदा गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्यात. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘क्ष्म’ अशा जोडाक्षरांच्या आतल्या पोकळ्या बुजतात का आणि रफाराच्या कडा विस्कटतात का, ते भिंगाने पाहावे.

ही फाइल आर्ट कार्डवर दोन्ही बाजूंनी सलग दोनशे शीट छापून घ्यावी आणि पहिली, पन्नासावी, शंभरावी व दोनशेवी शीट बाजूला काढावी. चौघींच्या भगव्या भागातून एकेक पट्टी कापून त्या दिवसाच्या उजेडात एकमेकींना चिकटवून ठेवल्या, की रंग किती सरकला ते साध्या डोळ्यांना कळते. पुढची-मागची जुळणी तपासण्यासाठी चारही कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंना बारीक फुल्या ठेवाव्यात, पुढच्या फुलीच्या मध्यावर टाचणी टोचावी आणि शीट उलटी करून छिद्र मागच्या फुलीपासून किती लांब पडले ते मोजावे. चारही कोपऱ्यांत फरक एकाच दिशेला आणि सारखाच असेल, तर तो सेटिंगने दुरुस्त होतो. एका कोपऱ्यात शून्य आणि दुसऱ्यात एक मिलिमीटर असेल, तर शीट तिरकी जाते आहे किंवा पहिल्या बाजूच्या उष्णतेने आकसली आहे. पण फरक शीटगणिक बदलत असेल, तर कागद नेणारी यंत्रणाच अस्थिर आहे, आणि अशा मशीनवर छापलेली व्हिजिटिंग कार्डे गठ्ठ्याने कापली की किनारीची जाडी प्रत्येक कार्डावर वेगळी निघते. अशा मशीनचा बाकीचा गुणगौरव ऐकण्याची गरज नाही.

उरलेल्या शीट टाकून देऊ नयेत. काही शीट आपल्या लॅमिनेटरवर नेहमीच्या फिल्मने लॅमिनेट करून आठवडाभर ठेवाव्यात. टोनरमधील मेणामुळे किंवा फ्युझरच्या तेलामुळे साधी फिल्म गडद भागावरून सुटू शकते आणि मग डिजिटलसाठी मिळणारी अधिक चिकट फिल्म वापरावी लागते, जिचा दर हिशेबात धरावा लागतो. काही शीट क्रीज करून (घडीची खाच पाडून) दुमडाव्यात, काही कागदाच्या धाग्याच्या दिशेने आणि काही आडव्या. टोनर कागदात शिरत नाही, वर थर होऊन बसतो. म्हणून घडीवर तो तडकतो, आणि धाग्याच्या आडव्या घडीत जास्त तडकतो. पोताच्या कागदावर नखाने खरवडून टोनर निघतो का ते पाहावे. आपल्या ऑफसेटवर आधी छापलेल्या लेटरहेडवर किंवा पत्रिकेच्या कोऱ्या साच्यावर डिजिटलने नावे छापायची असतील, तर तशी शीटही चालवून पाहावी, कारण नीट न वाळलेली ऑफसेटची शाई फ्युझरच्या उष्णतेत सुटून रोलरला लागते आणि तो फ्युझर मग पुढच्या प्रत्येक शीटवर तिचा डाग सोडतो. पत्रिकांना सोनेरी वर्ख हवा असेल, तर त्यासाठी सोनेरी टोनरचे पाचवे युनिट असलेले महाग मशीन लगेच घेण्याची गरज नाही. टोनरवर उष्णतेने वर्ख चिकटवण्याची पद्धत लॅमिनेटरवर चालते आणि छोट्या संख्येला ती पुरेशी आहे.

वेगाबद्दल थोडेच सांगतो. ८० पीपीएम (मिनिटाला ८० पाने) हा आकडा ए-फोरचा आणि पातळ कागदाचा असतो. १३ × १९ वर तो निम्म्याखाली येतो, जाड कार्डावर काही मशीने आणखी मंदावतात, आणि दोन्ही बाजू छापताना पुन्हा तेवढाच वेळ जातो. चाचणीच्या दोनशे शीट किती मिनिटांत निघाल्या, तो आपला खरा वेग. कागद भरण्याच्या ट्रेकडे मात्र बारकाईने पाहावे. आर्ट पेपरच्या शीट एकमेकींना चिकटतात आणि फक्त रबरी रोलरवर चालणारा ट्रे दोन शीट एकदम ओढतो. हवेच्या झोताने शीट सुट्या करणारा किंवा हवेने ओढून घेणारा ट्रे महाग असला तरी मशीनची किंमत कमी करण्यासाठी तो वगळू नये. फिनिशरचे, स्टेपलरचे आणि पुस्तिका बनवणाऱ्या जोडणीचे पैसे वाचवून या ट्रेत घालावेत, कारण घडीची आणि पिनांची व्यवस्था ऑफसेटच्या प्रेसमध्ये आधीच असते.

मशीन ठेवायच्या जागेकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि वर्षभराच्या भरवशाचा मोठा भाग तिथेच ठरतो. साताऱ्याचा पावसाळा आपल्याला सांगायला नको. दमट कागदाचा विद्युतरोध कमी होतो, त्यामुळे बेल्टवरचा टोनर कागदावर सारखा उतरत नाही आणि सपाट रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. पहिली बाजू फ्युझरमधून जाताना पाणी वाफ होऊन उडते, शीट आकसते आणि दुसरी बाजू आकसलेल्या शीटवर छापली जाते, म्हणून जुळणी बिघडते. शीट वाकते आणि ती वाकलेली शीट डुप्लेक्सच्या वाटेत अडकते. यातील एकही दोष मशीनचा नसतो, पण तक्रार मात्र मशीनची होते. ऑफसेटच्या शाईची व पाण्याची हवा, कटिंगची धूळ आणि पत्रिकांवर उडवायची चमकी यांपासून वेगळी, बंद खोली करावी. तापमान २० ते २५ अंश आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असे वातानुकूलन आणि पावसाळ्यासाठी आर्द्रता शोषणारे यंत्र ठेवावे, व भिंतीवर आर्द्रतामापक लावावा. कागदाचे रीम त्याच खोलीत, वेष्टन न काढता, निदान एक दिवस आधी आणून ठेवावेत आणि उरलेला कागद रात्री पुन्हा गुंडाळून ठेवावा. ट्रेमध्ये रात्रभर उघडा राहिलेला कागद जुलैमध्ये सकाळी पहिल्या तासातच जॅम करतो.

विजेचे कामही मशीन येण्याआधी पुरे व्हावे. डिजिटल मशीनसाठी स्वतंत्र अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि ऑफसेटच्या मोटारींपासून वेगळी लाइन हवी. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावे, अशी अट इंजिनिअर घालतात आणि ती योग्य आहे. इलेक्ट्रिशियनकडून ते दिवसाच्या गर्दीच्या वेळी मोजून घ्यावे, कारण शेजारच्या मोटारी बंद असताना सगळेच आकडे चांगले येतात. सर्व्हो स्टॅबिलायझर पुरेसा नाही. छपाई चालू असताना वीज गेली तर शीट गरम फ्युझरमध्ये अडकते आणि पंखे थांबल्याने उष्णता आतच कोंडते. म्हणून मशीन नीट थांबवण्याइतका वेळ देणारा ऑनलाइन यूपीएस घ्यावा, आणि त्याची क्षमता फ्युझर तापतानाचा जास्तीत जास्त भार धरून ठरवावी.

आता नवे की वापरलेले. वापरलेल्या मशीनचा मी विरोधक नाही. पुण्या-मुंबईत अनेक प्रेस त्यांवर उत्तम चालतात. पण त्यांच्याकडे बहुधा अशी दोन मशीने असतात, एक अडले तर दुसरे चालते आणि भागांची अदलाबदल होते. शिवाय स्वतंत्र तंत्रज्ञ शहरातच असतो. आपल्याकडे यांपैकी काहीच नाही. मोठ्या मशीनचा फ्युझर, बेल्ट आणि बोर्ड मोठ्याच किमतीचे असतात, खरेदी स्वस्त झाली म्हणून ते स्वस्त होत नाहीत, आणि अधिकृत कंपनी बहुधा अशा मशीनला सर्वसमावेशक करार देत नाही. तरीही घ्यायचेच ठरले, तर विक्रेत्याने दाखवलेल्या काउंटरवर थांबू नये. सर्व्हिस मोडमधील एकूण काउंटर, प्रत्येक भागाचा काउंटर आणि त्रुटींचा इतिहास स्वतः नेलेल्या तंत्रज्ञाकडून छापून घ्यावा. एकूण काउंटर कमी आणि फ्रेमवरचे रोलर, गिअर गुळगुळीत झालेले, असे दिसले तर तिथून परत फिरावे. मशीनचा फायरी किंवा अन्य कंट्रोलर (फाइल छपाईयोग्य करून मशीनला देणारा संगणक) त्याच्या मूळ परवान्यासह मिळतो का, हे तपासावे, कारण तो नसेल तर रंगव्यवस्थापनाचे पर्याय बंद राहतात. मशीन परदेशातून आलेले असेल तर आयातीचे आणि कराचे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या परिस्थितीत माझा कौल नव्या, लहान प्रॉडक्शन मशीनला आहे, आणि त्याचे कारण त्याच्यासोबत मिळणारा करार हे आहे.

या वर्गाबाहेरचे दोन पर्याय आपल्या मनात येतील. एचपी इंडिगोची द्रवरूप शाई ऑफसेटच्या सर्वांत जवळ जाते आणि लग्नाच्या फोटो अल्बमसाठी तिला तोड नाही, पण तिची किंमत, जागा आणि प्रशिक्षित ऑपरेटरची गरज पाहता वीस हजार शीटवर ती पेलत नाही. शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि साधी पत्रके हेच मोठे काम असेल, तर रिसोची इंकजेट मशीने उष्णतेशिवाय, भरभर आणि स्वस्तात छापतात. मात्र ती आर्ट पेपरसाठी नाहीत, म्हणून आपल्या पत्रिका आणि कार्डे त्यांवर निघणार नाहीत.

कंट्रोलर घेताना सर्वांत स्वस्त पर्यायावर थांबू नये. आपल्याकडची अर्धी कामे कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली येतात. अशा फाइलीतील अक्षरे कर्व्हमध्ये (रेखाकृतीत) बदलून पीडीएफ करावी आणि काळा मजकूर फक्त काळ्याच रंगात ठेवावा, नाहीतर चार रंगांचा काळा बारीक वेलांट्यांभोवती रंगीत कडा सोडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजणारे उपकरण) मशीनसोबतच घ्यावा. रोज सकाळी मशीन तापल्यावर आणि कागद बदलल्यावर कॅलिब्रेशन करणे ही ऑपरेटरची नेमून दिलेली जबाबदारी असावी, आणि आर्ट, मॅपलिथो व पोताच्या कागदाची वेगळी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची नोंद) मशीन बसवताना इंजिनिअरकडून करून घ्यावी. नंतर त्यासाठी पुन्हा बोलावणे कठीण जाते. ऑफसेटवर आधी छापलेल्या कामाची पुनर्छपाई डिजिटलवर करताना ग्राहकाला नमुना दाखवून सही घ्यावी.

पैसे देण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. ऑर्डरसोबत आगाऊ रक्कम, मशीन पोहोचल्यावर मोठा भाग आणि आपल्या खोलीत, आपल्या कागदावर, वर सांगितलेली दोनशे शीटची चाचणी पुन्हा यशस्वी झाल्यावर उरलेले किमान दहा टक्के, असे खरेदीपत्रात लिहावे. बँकेचा हप्ता मशीन सुरू झाल्यापासून लागावा अशी सवलत मागितली तर अनेकदा मिळते. दोन माणसांना प्रशिक्षण द्यायला लावावे, एकालाच नाही. ऑपरेटर लग्नसराईत रजेवर गेला तर मशीन असूनही काम थांबते. आणि पुण्याच्या छापखान्याशी असलेले खाते बंद करू नये. पहिले वर्षभर महिन्याला काही काम तिकडे चालू ठेवावे आणि त्यांच्या मशीनवर आपल्या फाइली, आपले कागद बसलेले राहतील असे पाहावे, म्हणजे आपले मशीन बंद पडलेल्या दिवशी ग्राहकाची तारीख चुकणार नाही.